भरतीखांब आणि कोल्हापूरची गाडी

नौदलातून निवृत्त होऊन मंगळवार पेठेत परत आल्यावर पहिली दोन वर्षं मला एकच प्रश्न विचारला गेला. शेजारचे बापूसाहेब तर दर चार दिवसांनी विचारत.

"जहाजावर हुतासा म्हणं. मग तोफ उडवलीसा का न्हाय कधी?"

"नाही. आमच्या जहाजावर तोफच नव्हती."

"मग केलंसा काय इतकी वर्षं?"

"पाणी मोजलं."

बापूसाहेब माझ्याकडं जरा दयेनं बघत. पाणी मोजायला पंचगंगा काय कमी आहे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असे. त्यांचं तरी काय चुकलं? माझा बाप कोल्हापुरात बसून तेच करत होता.

या अंकाच्या संपादकांनी मला आमच्या जहाजाचा इतिहास लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, इतिहास एकदा लिहून झालाय, तोही माझ्याच हातानं, आणि त्यात एक गोष्ट राहून गेली आहे. ती लिहायची परवानगी असेल तर लिहितो. ते हो म्हणाले.

आमचं जहाज मुळात लढाऊ. आम्ही त्यावर गेलो तेव्हा तोफा केव्हाच उतरवलेल्या होत्या आणि तोफेच्या जागी नकाशाची खोली बांधली होती. सगळं अंग पांढरं, धुराडं पिवळं. इतर जहाजांवरचे खलाशी आम्हाला हॉस्पिटलवाले म्हणून चिडवत. लढाईच्या दिवसांत आम्हालाही राखाडी रंग फासला, तेवढीच आमची मर्दुमकी. एरवी पाऊस संपला की मुंबईहून निघायचं आणि एप्रिल-मेपर्यंत किनाऱ्याचा एखादा तुकडा मोजत बसायचं, हे आमचं काम. शेतकऱ्याला जसा हंगाम, तसा आम्हाला मोसम.

काम ऐकायला सोपं आहे. समुद्राच्या नकाशावर तुम्ही बारीक बारीक आकडे पाहिले असतील, निदान चित्रात. तो प्रत्येक आकडा म्हणजे तिथल्या पाण्याची खोली. ती मोजायला लहान होडी सरळ रेषेत चालवायची, शेतात पाभर चालते तशी, एक तास, म्हणजे एक ओळ, झालं की शेजारून दुसरं. होडीतलं यंत्र तळावर आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून कागदाच्या गुंडाळीवर तळाची रेघ काढतं. दोघेजण हातात सेक्स्टंट धरून किनाऱ्यावरच्या खुणांमधले कोन वाचतात, म्हणजे होडी नेमकी कुठं आहे ते कळतं. मी रेकॉर्डर होतो. ओरडून सांगितलेले कोन, वेळ, खोली हे सगळं लिहायचं. चांगलं अक्षर आणि न मळमळणारं पोट, एवढ्या दोन गुणांवर माझी निवड झाली.

लोकांच्या तऱ्हा मात्र जमिनीवरच्यासारख्याच. एका मोसमात मालवणच्या बाजूला एक म्हातारा तांडेल, म्हणजे मच्छीमारांचा म्होरक्या, रोज होडी घेऊन आमच्या आसपास फिरायचा. आम्हाला वाटलं, मदत करायची असेल. तिसऱ्या दिवशी त्यानं आमच्या मोजणीच्या अधिकाऱ्यासाठी, म्हणजे साहेबांसाठी, चांगला मोठा मासा आणला आणि हळूच म्हणाला, "साहेबानू, थंयसर एक खडप आसा. ता नकाशार घालू नका. मगे भायले येतले आणि आमचो मासो नेतले." पाण्याखालच्या त्या खडकाभोवती मासा भरपूर आणि जागा फक्त त्याच्या घराण्याला ठाऊक. म्हाताऱ्यानं खडक लपवण्यासाठी येऊन खडकाचा पत्ता दिला होता. साहेबांनी मासा परत केला आणि खडक नकाशावर घातला. त्याचा उतरलेला चेहरा पाहून मला वाईट वाटलं होतं. पण एखादं जहाज त्याच्यावर आपटण्यापेक्षा म्हाताऱ्यानं आम्हाला शिव्या दिलेल्या बऱ्या.

आता भरतीखांबाकडं येतो, कारण माझी गोष्ट त्याच्यापाशीच आहे. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. सकाळी एका जागी वीस फूट भरलं, तर दुपारी तिथंच सत्तावीस फूट भरेल. मग नकाशावर लिहायचं काय? त्यासाठी किनाऱ्याला एक खांब रोवायचा, त्यावर फुटांच्या आणि फुटाच्या दशांशाच्या खुणा रंगवायच्या, आणि होडी काम करत असेल तोवर एका माणसानं दर अर्ध्या तासाला पाणी कुठल्या खुणेला आहे ते बघून वहीत लिहायचं. रात्री साहेब त्या वहीवरून होडीच्या सगळ्या खोल्यांमधून चढलेलं पाणी वजा करतात. म्हणजे होडीत पाच माणसं दिवसभर उन्हात भाजून निघाली तरी त्यांचं सगळं काम किनाऱ्यावर माडाखाली बसलेल्या एका माणसाच्या पेन्सिलीवर टांगलेलं.

हे मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याची पातळी लिहायचं काम त्यांच्याकडं. पावसाळ्यात आमच्या घरात पातळीशिवाय दुसरा विषय नसे. एका महापुरात वाटेवरच पाणी आलं आणि चार तास आबांना खांबापर्यंत जाता आलं नाही. त्यांनी वहीत त्या चार तासांपुढं रेघ मारली, खाली सही केली. वरचे साहेब चिडले. अंदाजानं काहीतरी भरून टाक, रिकामं चालत नाही, म्हणाले.

"पाणी बगितलं न्हाय तर आकडा लिवू कसा, साहेब?" आबा म्हणाले.

ही हकिकत आबा आम्हाला दर पावसाळ्यात सांगत. तिला एक शेपूटही होतं. "खरं माप खडबडीत असतंय. आकडं लई देखणं दिसाय लागलं की समजायचं, कुणीतरी घरात बसून लिवल्यात." आम्ही भावंडं ते पाठ म्हणून दाखवायचो आणि हसायचो.

माझ्या नोकरीचा पहिलाच मोसम होता. राजापूरच्या बाजूला एका खाडीच्या तोंडाशी काम चाललं होतं. जहाज लांब नांगरलेलं. किनाऱ्यावर आमचा तंबू, त्यात मी, होडीतली माणसं आणि नंबियार. नंबियार केरळचा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. होडीतलं आवाजाचं यंत्र त्याच्या ताब्यात. बोलायचा थोडं. मला काम त्यानंच शिकवलं. पहिल्या दिवशी सेक्स्टंटची पेटी उघडता येईना, तेव्हा कुणाला दिसू नये म्हणून पाठ आडवी करून उभा राहिला आणि पेटीची खिट्टी दाखवली. पेटी ऑफिसर, म्हणजे खलाशांमधली पुढची पायरी, होण्यासाठी त्याची शिफारस जाणार होती. बायकोला पत्रात लिहूनही टाकलंय, असं एकदा लाजत म्हणाला होता.

त्या गावाला कोल्हापूरहून रोज एक गाडी यायची, मलकापूर, आंबा घाट करून. दुपारी अडीचला. कंडक्टर दत्तू कागलचा, पण त्याची सासुरवाडी आमच्या गल्लीत. आईनं निरोप पाठवला होता की दत्तूकडं कांदालसणाची चटणी आणि भडंग देते, गाडीवर जाऊन घे. जहाजावरचं जेवण तुम्ही जेवला नाहीत, म्हणून त्या चटणीचं महत्त्व तुम्हाला कळायचं नाही.

नव्या रेकॉर्डरला अधूनमधून खांबावरही बसवत, आणि चटणी यायची त्या दिवशी खांबावर मी एकटाच होतो. जोडीदार तापानं जहाजावर. दोनचं माप घेतलं. आदल्या दिवशीच्या चालीनंच पाणी चढत होतं. म्हटलं, स्टँड दहा मिनिटांवर. अडीचचं एक माप चुकेल, तीनला परत येऊ. गेलो.

गाडी आली नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. दर पाच मिनिटांनी वाटे, आता येईल. मध्येच निघालो आणि मागून गाडी आली तर? वाट बघण्यात घातलेला वेळ वाया जाईल, म्हणून आणखी वाट बघायची. सव्वाचारला गाडी आली. काचांवर चिखल, टपावर ओल्या फांद्या.

"घाटात झाड पडलंतं," दत्तू उतरतानाच म्हणाला. "मलकापुरापासनं पाऊस नुसता कोसळालाय. बिनमोसमाचा. वड्याला हे पाणी आलंय. धर तुझी चटणी. आडवी करू नगोस, तेल गळालंय."

आमच्या इथं लख्ख ऊन होतं. मी डबा घेतला आणि पळत सुटलो. नदीची पातळी लिहिणाऱ्याचा मुलगा मी. वर पाऊस पडला की खाली पाणी चढतं, हे मला चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक. घाटावर कोसळलेला पाऊस ज्या खाडीत उतरतो, त्याच खाडीत माझा खांब उभा होता. दत्तूनं मला भर स्टँडवर जाहीर सांगितलं होतं. माझ्या डोक्यात फक्त डबा होता.

तंबूपाशी पोचलो तेव्हा साडेचार होत आले होते आणि होडी खाडीत वळताना दिसत होती. आल्या आल्या साहेब वही मागणार. पाच जागा रिकाम्या. मी आदल्या दिवसाचं पान उघडलं. भरती रोज पाऊणएक तास उशिरा येते, तो हिशेब धरून पाच आकडे बसवले. साडेचारचासुद्धा. खांब समोर वीस पावलांवर होता. मी मान वर करून त्याच्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर पाणी फुटाहून जास्त वर आलेलं दिसलं असतं आणि ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण मला आकडे जुळवायची घाई होती.

संध्याकाळी सगळ्यांना चटणी वाढली. नंबियारनं दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नेहमीच्या चालीवर आलं होतं.

आमच्या धंद्यात एक चांगली रीत आहे. सरळ रेषा झाल्या की त्यांना छेदणाऱ्या थोड्या आडव्या रेषा मोजायच्या. जिथं दोन रेषा कापतात तिथं दोन्ही खोल्या जुळल्या पाहिजेत. तीन दिवसांनी आडव्या रेषा झाल्या आणि त्या दुपारच्या रेषा जुळेनात. सगळीकडं फुटाहून जास्त फरक. एक फूट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण बंदरात शिरणाऱ्या जहाजाच्या पोटाखाली कधीकधी दोनच फूट पाणी असतं, आणि त्यातला एक खोटा, नुसता आमच्या वहीतला.

साहेबांनी पहिल्यांदा मलाच बोलावलं. वही उघडली, आकड्यांवरून बोट फिरवलं. खांबाची मापं बरोबर आहेत ना, असं इंग्रजीत विचारलं.

"येस सर," मी म्हणालो.

इतकं सोपं होतं ते. मग यंत्राकडं मोहरा वळला. यंत्र नीट चालतंय की नाही हे बघायला होडीखाली मोजलेल्या साखळीवर एक लोखंडी दांडा सोडतात आणि यंत्र तेवढीच खोली दाखवतं का ते तपासतात. सकाळी एकदा आणि काम संपल्यावर एकदा. त्या दिवशी संध्याकाळी लाटा होत्या, म्हणून नंबियारनं दुसरी तपासणी केली नव्हती. तसं त्यानं वहीत लिहिलंही होतं, 'तपासणी नाही', आणि सही. त्याच्या खरेपणानंच त्याला धरून दिलं. साहेबांचा निष्कर्ष सरळ होता. दुपारनंतर यंत्र बिघडलं असणार आणि तपासणी टाळल्यामुळं ते कळलं नाही. नंबियारला समोर उभं करून विचारलं. तो म्हणाला, यंत्र ठीक होतं. मी दोन हातांवर उभा होतो. खरं सांगायची ती माझी दुसरी संधी.

रेषा दोन दिवसांत पुन्हा मोजल्या. या वेळी खांबावर मी होतो आणि लघवीलासुद्धा उठलो नाही. नकाशा अचूक झाला. आजही त्या खाडीत कुणी त्या आकड्यांवर विसंबून जहाज नेलं तर मला काळजी नाही. नंबियारची शिफारस मात्र थांबली. मोसम संपल्यावर त्याला सर्वेक्षणातून काढून मुंबईत भांडारात पाठवलं. तो बोचकं घेऊन उतरला त्या दिवशी मी जिन्यापाशीच होतो. ती तिसरी संधी. तो "चलता हूँ, कांबळे" म्हणाला. मी त्याचं बोचकं धक्क्यापर्यंत नेऊन दिलं, आणि तेवढ्यावर स्वतःला थोडं बरं वाटूनही घेतलं. आज त्याची लाज वाटते.

मी का बोललो नाही? खोटी नोंद म्हणजे सर्वेक्षण शाखेतून हकालपट्टी, कदाचित नोकरीच जाती. आबांना काय तोंड दाखवणार, ही भीती त्याहून मोठी. पुढं सुट्टीत घरी गेलो तर आबांनी भरतीच्या वहीबद्दल खोदखोदून विचारलं. त्यांना त्या कामाचं भारी कौतुक. एखादं माप चुकलं तर काय करता रे, त्यांनी विचारलं. रेघ मारतो, म्हणालो. आबा खूश झाले. गल्लीत सांगत फिरले. ते गेले, तोवर मी त्यांना खरं सांगितलं नाही.

पुढं वीस वर्षं मी चोख काम केलं, हे बढाई म्हणून नाही, नोंद म्हणून सांगतो. माझ्या हाताखालची पोरं खांबावर बसली की मी अवेळी जाऊन बघायचो. मला खडूस म्हणत. एकानं वहीत रेघ मारून 'झोप लागली' असं लिहिलं होतं. त्याला शिक्षा झाली, ती मी माझ्या अखत्यारीत होती तेवढी कमी केली.

ऐंशी सालानंतर जहाज थकलं. पत्रा इतका झिजला की रंगाच्या थरांवरच ते तरंगतंय, असं आम्ही म्हणायचो. मोडीत काढायचं ठरलं. निरोपाच्या समारंभासाठी एक पुस्तिका छापायची होती, आणि कॅप्टनसाहेबांनी जुना माणूस म्हणून मला सेवेचा इतिहास लिहायला बसवलं. किती मोसम, किती मैल, किती नकाशे. त्यासाठी जुन्या वह्या बाहेर काढल्या, आणि त्यात ती भरतीची वही निघाली. पान उघडलं. दोनपर्यंतचे आकडे वेडेवाकडे, एक खोडलेला, एकावर घामाचा डाग. त्याच्याखाली पाच आकडे मोत्यासारखे. आबांनी पान नुसतं लांबून बघितलं असतं तरी ओळखलं असतं.

समारंभाला जुन्या माणसांना बोलावलं होतं. नंबियार आला. नौदल सोडून एका बंदरावर मालाच्या नोंदी ठेवायचं काम करत होता. केस पांढरे, चष्मा, तसाच थोडं बोलणारा. मी त्याला नकाशाच्या खोलीत नेलं. सांगायचंच असं ठरवलं होतं. वही समोर ठेवली आणि नुसतं ते पान उघडलं.

त्यानं चष्मा वर करून पान बघितलं.

"उस दिन चटनी अच्छा था," तो म्हणाला. "एकदम ताजा."

त्यानं त्या पाच आकड्यांवर बोट ठेवलं.

"कोल्हापूर का बस कितने बजे आता था?"

"ढाई बजे."

"और उस दिन?"

"सव्वाचार," मी मराठीतच म्हणालो. हिंदी सुचली नाही.

त्यानं मान हलवली आणि वही मिटली. म्हणजे चटणी आली त्या दुपारी मी खांबावर नव्हतो, हे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं. चटणी ताटात पडली त्याच संध्याकाळी त्यानं हिशेब केला नसेल, पण साहेबांसमोर उभा होता तेव्हा नक्की केला होता. मी विचारलं, मग तू बोलला का नाहीस?

"तेरे को बोलना था," नंबियार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. "मैं क्यों बोलेगा?"

मग बाहेर बिगुल वाजला आणि आम्ही दोघं झेंडा उतरताना बघायला वर गेलो. तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. मी त्याचा पत्ता मागितला नाही. पुस्तिका छापून झाली होती, आणि त्यात मैलांचे, नकाशांचे सगळे आकडे अगदी बरोबर होते. जहाज पुढं भंगारवाल्यांनी चार-पाच महिन्यांत कापलं. वह्या कुठं गेल्या, मला माहीत नाही.

म्हणून ती नोंद इथं करतो. पान आता हाताशी नाही, पण रकाने अजून पाठ आहेत.

अडीच: रेघ. तीन: रेघ. साडेतीन: रेघ. चार: रेघ. साडेचार: रेघ. खांबावर माणूस नव्हता. यंत्र ठीक होतं.

सही, कांबळे, रेकॉर्डर.